तुमचा आवाज आणि दहा सेकंदांची गाणी

सायलीला तुमचा आवाज हवा आहे.

तुम्ही गेल्यावर अकराव्या दिवशी तिचा चिपळूणहून, नर्सिंगच्या होस्टेलवरून फोन आला. आधी रडली, मग नाक पुसून म्हणाली, "आई, पप्पांचा आवाज असेल ना तुझ्या फोनमध्ये? एखादा तरी. काहीही बोललेला चालेल." मी म्हटलं, बघते. तेव्हाच मला माहीत होतं की माझ्या फोनमध्ये तुमचा एक शब्दही नाही.

कारण तो मी पुसला आहे. तुम्ही मैदानावरून रोज दोन-तीन निरोप बोलून पाठवायचात. येताना दही आणू काय. आज उशीर होईल, गवत कापायची गाडी बंद पडली. मी फोन कानाला घट्ट लावून ऐकायचे आणि लगेच पुसायचे. मी कामाला जाते त्या ताईंच्या घरी स्वयंपाक करताना त्यांची मुलं माझा फोन घेऊन खेळतात. कोणाचं बोट लागलं आणि तुमचं 'काय गो' सगळ्या घरात वाजलं तर, याची मला लाज वाटायची. चौथीपर्यंत शाळेत हेच केलं होतं. बाईंनी बघितलं की पाटी पुसायची. सात वर्षं मी तुम्हाला तसंच पुसत आले.

शेवटचा निरोप त्या सकाळचा. तो ऐकताना माझे हात पिठात होते, अर्धं लक्ष पोळीवर होतं. पाण्याच्या पाइपाबद्दल काहीतरी म्हणत होतात. काय म्हणत होतात ते आठवत नाही. हात धुतले आणि तोही पुसला. दोन तासांनी मैदानावर तुमच्या जोडीला असणाऱ्या खानभाईंचा फोन आला.

सायलीशी तुम्ही नेहमी तोंड दिसेल असं बोलायचात. त्यातलं मागे काही राहत नाही. म्हणजे तुमचा आवाज आता एकाच ठिकाणी उरला होता, मैदानावरच्या कोचच्या लॅपटॉपमध्ये. तिथे तुम्ही सगळ्या मुलांची नावं बोलून ठेवली होती. तो मागायला मी काल गेले होते. मी, एकटी, मैदानावर. तिथे काय झालं ते सांगते, पण एकदम सांगता येणार नाही मला.

आधी तुम्ही माझ्याशी जरा बोला. नाही, मीच बोलते. तुम्ही ऐका.

तुम्हाला त्या मैदानावर माळी म्हणून घेतलं तेव्हा तुम्ही घरी येऊन म्हणालात, "क्रिकेटसारखंच हाय, पण सगळं एका कोपऱ्यात. मैदान म्हणजे भाकरीचा चतकोर." मी हसले होते. मग तुम्ही चतकोर भाकरीवर मिठाचे खडे ठेवून मला दाखवलंत, इथून मारायचं, इथे पळायचं, इथून वळून परत घरी यायचं. बेसबॉल म्हणतात, असं सांगितलंत आणि मैदान खाऊन टाकलंत. इथे आखातात, खलिफा सिटीतल्या त्या लाल मातीवर तुम्ही रोज पाणी मारायचात, दाताळ्याने ओढायचात, चुन्याच्या रेघा ओढायचात. आपल्या खळ्यासारखं करून ठेवलं होतं, असं खानभाई म्हणतात. त्यांनी आपलं खळं कुठे बघितलंय. तुम्हीच सांगितलं असणार.

गाणी वाजवणारा माणूस आपल्या देशी परत गेला आणि कोचने विचारलं की भोंग्यांचं कोणाला कळतं, तेव्हा तुम्ही हात वर केलात. अठरा वर्षं गावच्या बेंजो पार्टीत काढलेला माणूस. तुम्हाला तारा जोडायला काय शिकवायचं. त्या दिवशी घरी आलात ते चपला न काढताच बोलायला लागलात.

"अगं, इथं प्रत्येक पोराचं आपलं गाणं असतं."

"म्हणजे?"

"पोरगं बॅट घेऊन चालत यायला लागलं की त्याचं नाव पुकारायचं आणि त्याचं गाणं लावायचं. ते जाग्यावर उभं राहिलं की बंद. दहा सेकंद."

"दहा सेकंदांत काय गाणं होतं?"

"तेवढंच लागतं. शिमग्यात पालखी वरच्या वाडीत शिरली की ढोल बदलायचा काय नाय? खालच्या वाडीला वेगळा, मानकऱ्यांच्या दारात वेगळा. म्हातारी आतनं ओळखायची, आली आपल्या दारात. तसंच हाय हे. बाकी गोरे लोक गिटार घेऊन करतात एवढाच फरक."

मला ती गाणी आवडत नव्हती. अजूनही आवडत नाहीत, खोटं कशाला बोलू. सगळी एकसारखीच ओरडणारी. पत्र्यावर नारळ पडल्यासारखे ढोल, आणि गाणारा माणूस कोणावर तरी चिडलेला. "याला रॉक म्हणतात," तुम्ही म्हणायचात, "आणि याच्याशिवाय हा खेळ चालत नाय." मी म्हणायचे, खेळाला गाणं कशाला लागतं. त्यावर तुम्ही कोचकडून ऐकलेलं सगळं सांगायचात. या खेळात थांबणं फार असतं. एक चेंडू टाकायचा आणि मग सगळ्यांनी वाट बघायची. त्या वाट बघण्यात गाणं शिरलं. आधी म्हणे पेटीसारखं एक मोठं वाद्य वाजायचं, मग पोरं मोठी झाली आणि गिटारवर आली. कोच स्वतः तरुणपणी एका बँडमध्ये गिटार वाजवायचा, चेंडू लागून बोट मोडलं तेव्हा सुटलं. त्याच्या देशात म्हणे खेळाडूंना गाणारे व्हायचं असतं आणि गाणाऱ्यांना खेळाडू.

आणि ते शेवटी येणाऱ्या गोलंदाजाचं. ते तर तुम्ही किती वेळा सांगितलंत. सामना हातातून जायला आला की एक ताजा माणूस बाहेरून चालत येतो, नुसता वाचवायला. त्याचं गाणं सगळ्यात मोठं. ते सुरू झालं की बघणाऱ्यांच्या अंगावर काटा येतो, समोरच्यांचं अर्धं अवसान तिथेच गळतं. "त्याला शेवटच्या घटकेलाच बोलवतात," तुम्ही म्हणायचात, आणि चहाचा कप हातात तसाच धरून बसायचात.

त्या सकाळी तुम्ही मातीवर पडलात तेव्हा असा कोणी का नाही आला. मी रोज हेच विचारते. खानभाई धावले, कोच धावला, गाडी आली. सगळे धावले. मी पोळ्या लाटत होते.

आता भाकरीचं लिहिते, नाहीतर हे राहूनच जाईल.

गाणं चार मिनिटांचं आणि त्यातले दहा सेकंद निवडायचे. कुठले, हे तुम्हाला कळत नसे. मुलं गाणं सांगायची, जागा सांगत नसत. मग तुम्ही खोलीवर आल्यावर फोन भिंतीला टेकवून गाणं लावायचात आणि मी तांदळाची भाकरी थापत असायचे. पहिल्यांदा मी चिडले. दिवसभर ताईंकडे मुलांचा आवाज, घरी आल्यावर हा आवाज. तुम्ही गप्प बसून माझ्या हाताकडे बघत होतात. एकदम म्हणालात, "थांब. काय गो, हात का थांबला?"

"कुठे थांबला?"

"आत्ता. ढोल सुटला तिथं थांबला. मग जोरात थापायला लागलीस."

मला कळलंही नव्हतं. तुम्ही गाणं मागे नेऊन पुन्हा लावलंत. माझा हात पुन्हा त्याच जागी थांबला. तुम्ही तिथेच कापलंत. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणालात की तो मुलगा अंगात आल्यासारखा चालत आला. कोचने विचारलं, ही जागा कशी सापडली, तर तुम्ही काय उत्तर दिलंत ते मला कधी खरं सांगितलं नाहीत. "सांगितलं, माझं मशीन हाय घरी," एवढंच म्हणालात आणि हसलात. त्यानंतर सात वर्षं, दर हंगामाच्या सुरुवातीला, पन्नास-साठ पोरांची गाणी आपण भाकऱ्यांवर कापली. मी एकही शब्द समजून घेतला नाही. तुम्ही म्हणायचात, "शब्द ऐकलेस तर बिघडेल. तू पीठच बघ."

माझ्या हाताला काही कळतं, असं त्याआधी मला कोणी म्हटलं नव्हतं. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. तुम्ही हसला असतात म्हणून नाही सांगितलं.

आणि ती गाणं नको म्हणणारी मुलगी. आठ वर्षांची होती तेव्हा. तुम्ही त्या दिवशी फार अस्वस्थ होऊन आलात. म्हणालात, सगळ्यांना गाणं आहे, तिने कागदावर नुसती रेघ मारून दिली. आईने विचारलं, कोचने विचारलं, मान हलवते. गाणं लागलं की सगळे तिच्याकडे बघतात, ते तिला नको.

"मग नका लावू," मी म्हटलं.

"तिलाच नाय, असं कसं? वाईट दिसतं."

"तिच्या वेळी सगळं बंद ठेवा. आधीचं गाणं, मधलं वाजवणं, सगळं. नाव हळू घ्या आणि गप्प बसा. काहींना त्यातच बरं वाटतं."

शनिवारी तसंच केलंत. सगळीकडे एवढा गोंगाट चाललेला आणि एकदम शांत. लोक वर बघायला लागले, भोंगा बिघडला की काय. मग त्यांना कळलं आणि तेही गप्प झाले. ती मुलगी खाली मान घालून चालत आली, तीन वेळा हुकली आणि परत गेली. पण जाताना तुमच्या टेबलाकडे बघून एवढीशी हसली. तुम्ही संध्याकाळी दारातूनच मला सांगितलंत, "आज तुझं गाणं लावलं." ताटं घेतली. आत जाऊन थोडा वेळ उभी राहिले होते.

एवढं असून मी मैदानावर कधी आले नाही. यावरून आपलं भांडण कधी संपलंच नाही. "तुझ्या हातानं कापलेली गाणी हायत, एकदा मोठ्या भोंग्यावर ऐक तरी." मी म्हणायचे, तिथे मडमा असतात, मी कुठे बसू, माझ्याशी कोणी बोललं तर काय करू. "हॅलो म्हण. दोन अक्षरं हायत." मी म्हणायचे, मला गच्चीवरून ऐकू येतं. ते खरं होतं. शनिवारी कपडे वाळत घालताना वारा इकडचा असला की दोन व्हिलांच्या वरून ढोल यायचे, आणि त्याच्या आधी तुमचा आवाज. नावं कळायची नाहीत. लांबून शेवट तेवढा यायचा, तुम्ही पालखीत हाक घालता तसा ओढलेला. मी चिमटे हातात घेऊन उभी राहायचे. कपडे लवकर संपू नयेत म्हणून एकेक टॉवेल दोनदा झटकायचे.

गेल्या दिवाळीत तुम्ही म्हणालात, "सगळ्यांची नावं मी घेतो. माझं नाव कोण घेणार? एकदा तू घे माइकवर. मी बॅट घेऊन चालत येतो." मी म्हटलं, काहीतरीच काय. नवऱ्याचं नाव माइकवर. तुम्ही म्हणालात, "नुसतं घरात तरी घे." मी उठून भांडी घासायला घेतली. तुम्ही गेल्यावर दवाखान्यात, पोलिसांकडे, वकिलातीत मी ते नाव किती वेळा घेतलं. प्रत्येक माणूस म्हणाला, जोरात बोला. मी जोरात बोलले. तुम्ही मागितलंत तेव्हा नाही बोलले.

चौथ्या दिवशी कोच आपल्या खोलीवर आला होता. बरोबर दोन मुलांच्या आया आणि ताई. फळांची टोपली होती, मुलांनी सह्या केलेला मोठा कागद होता. कोच एवढा उंच, त्याला बसायला जागा नव्हती, तर तुमच्या पालथ्या बादलीवर बसला. टोपी हातात घेऊन काहीतरी बोलला. ताई म्हणाल्या, "ते विचारतायत, तुम्हाला काही हवंय का? काहीही सांगा म्हणतायत, संकोच करू नका."

मी मान हलवली. "नो, सर. नो प्रॉब्लेम."

तेव्हा सायलीने अजून मागितलं नव्हतं. पण मला स्वतःला सुचायला नको होतं? आदल्या दिवशीच तुम्हाला अल ऐनच्या स्मशानात अग्नी दिला होता. तुमचा आवाज तेव्हा त्या लॅपटॉपमध्ये होता. तो माणूस समोर बसून विचारत होता, काय हवं, आणि मी म्हटलं काही नको. मला वाटत होतं की ते लवकर उठावेत. खोलीत एकही धड कप नव्हता.

काल शनिवार. येत्या गुरुवारी माझं विमान आहे. व्हिसा तुमच्यावर होता, म्हणजे आता जायचंच आहे. तुमच्या अस्थी घेऊन जायच्या आहेत आणि सायलीला तुमचा आवाज न्यायचा होता. मी चार दिवस एक वाक्य पाठ केलं. कोच साहब, मेरे घरवाले का आवाज दे दो. भाकरी थापताना म्हटलं, केर काढताना म्हटलं. खानभाई पिकअप घेऊन आले. रस्त्यात त्यांना सगळं सांगितलं.

"भाभी, इतनी सी बात? पहले बोलना था," ते म्हणाले. "अभी मिलेगा. इन्शाल्ला."

मैदानाचं दार दिसलं. तुमचं टेबल जाळीमागे तसंच आहे. वर एक नवी निळी छत्री लावली आहे. मुलं पळत होती, कोच यल्ला यल्ला म्हणत त्यांना पिटाळत होता. मला बघून तो थांबला. टोपी काढली. मी पाठ केलेलं वाक्य निघून गेलं. खानभाईंनी विचारलं.

कोचचा चेहरा बघून मला कळलं. त्याने काहीही म्हणायच्या आधी.

तो टेबलापाशी गेला, लॅपटॉप उघडला, शोधायला लागला. मुलांना थांबवून ठेवलं. एवढा खेळ थांबवला त्याने. खाली, वर, कचऱ्याचा डबा असतो ना त्यात, सगळीकडे. मग त्या दोन आयांपैकी एकीला बोलावलं, जी आता हे काम बघते. ती आली, माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा लाल झाला. भराभर बोलायला लागली. खानभाई मला हळूहळू सांगत होते.

"बोलती है, भाईजान के बाद पहला मॅच था. आवाज वही चल रहा था. एक बच्चा नाम सुनके बीच में खड़ा हो गया, हिला नहीं. दूसरा रोने लगा. तो सबने बोला, नया करो." ते थांबले.

"और?"

"छोड़ो भाभी."

"बताइए."

"बोलती है, आपके लिए भी किया. भाईजान सबको बताते थे कि मेरी घरवाली छत से सुनती है, इसलिए नाम जरा लंबा खींचता हूँ. तो इन्होंने सोचा, आप ऊपर सुनोगी, तकलीफ होगी. इसलिए पूरा निकाल दिया. दूसरी कॉपी भी. खलास."

तुम्ही त्यांना सांगितलं होतंत. मला कधी म्हणाला नाहीत की तुम्हाला माहीत आहे. मला वाटायचं मी चोरून ऐकते.

आणि मी तर त्यानंतर गच्चीवर गेलेच नव्हते. कपडे खोलीतच वाळवत होते. तुमचा आवाज त्या शनिवारी एकदा तरी माझ्यासाठी वाजला असणार आणि मी खिडकी लावून बसले होते.

ती बाई रडायला लागली. चांगली बाई आहे हो. तिने वाईट काही केलेलं नाही. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, नो प्रॉब्लेम. पुन्हा तेच. मला जमिनीवर लोळून ओरडायचं होतं आणि माझ्या तोंडातून बाहेर आलं नो प्रॉब्लेम. कोच दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा होता. मग त्याने मला तुमच्या खुर्चीवर बसवलं आणि खेळ सुरू केला. दुसरं काय करणार तो.

मी बसले. उठून कुठे जाणार, पिकअप खानभाईंची. आणि मग एका माणसाचा आवाज आला, स्पष्ट, चांगला, कोणाचा तरी बाप असेल. नाव आलं. त्यामागून गाणं.

ते माझ्या हाताच्या जागेवर सुरू झालं. ढोल सुटतो तिथे. माझे हात मांडीवर होते आणि ते थांबले. दुसऱ्या मुलाचं, तिसऱ्याचं. सगळी तशीच आहेत, तुम्ही कापलेली. गाणी कोणी काढली नाहीत, गाण्यांनी कोणाला त्रास होत नाही. एवढ्या मोठ्या भोंग्यावर ती छातीत वाजतात. तुम्ही म्हणत होतात ते खरं होतं, खोलीत ऐकण्यात आणि इथे ऐकण्यात फरक आहे. हे मी सात वर्षांनी तुमच्या खुर्चीत बसून कबूल करते. ती मुलं छाती काढून चालत येत होती. मला एकेक भाकरी आठवत होती.

मग एक नाव हळू घेतलं आणि सगळं बंद झालं. ती आली. आता अकरा वर्षांची आहे, उंच झाली आहे. भोंगा गप्प, बाकांवरची माणसं गप्प. लांब कुठेतरी विमान गेलं तेवढाच आवाज. तुम्ही यादीत लिहून ठेवलं असणार, म्हणून अजून पाळतात. मला तेवढ्या वेळात रडून घेता आलं. कोणी वळून बघितलं नाही.

संध्याकाळी सायलीचा फोन आला. "मिळाला का आई?" पहिलाच प्रश्न. मी म्हटलं, सोमवारी देतो म्हणालेत. ती इतकी खूश झाली. म्हणाली, मैत्रिणींना सांगते. मी फोन ठेवला. मी तिच्याशी आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते.

म्हणून आज रविवारी दुपारी ही वही घेऊन बसले. मला वाटलं तुमचं बोलणं लिहून काढावं. जे आठवतं ते सगळं, तुम्ही म्हणायचात तसंच. निदान एवढं तिला नेता येईल. वर लिहिलं आहे ते, आणखी मागच्या पानांवर सुटं सुटं लिहिलं आहे. तुम्ही बोलायच्या आधी दोनदा घसा खाकरायचात, तेही लिहिलं. सकाळी आवाज घोगरा असायचा आणि चहानंतर सुटायचा. इंग्रजी नावातला र तुम्ही दगडासारखा फेकायचात. 'नाय' म्हणताना नाकातून हसायचात. लिहिता लिहिता अडले. 'काय गो' मध्ये वर जायचात की खाली यायचात? सात वर्षं रोज ऐकलं, त्याआधी गावी पंधरा वर्षं ऐकलं, आणि मला एका महिन्यात नक्की सांगता येत नाही. मी तोंडात घोळवून बघितलं. वर जाऊन बघितलं, खाली येऊन बघितलं. दोन्ही बरोबर वाटतात, दोन्ही चूक वाटतात.

मग वाचून बघितलं, मोठ्याने, तुमच्यासारखं. "थांब. काय गो, हात का थांबला?" खोलीत माझाच आवाज आला. पुन्हा वाचलं. जाड करून वाचलं. मीच.

अहो, एकदा बोला ना. सायलीसाठी नको, माझ्यासाठीही नको. पाइपाबद्दलच बोला. त्या सकाळी काय सांगत होतात ते तेवढं पुरं करा.

थोड्या वेळापूर्वी मी एक केलं आहे. फोन घेतला आणि सायलीला बोलून निरोप पाठवला. मी कधीच पाठवत नाही, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही सात वर्षं सांगत होतात, लिहायला वेळ लागतो तर बोल की, आणि मी नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवायचे. आज बोलले. म्हटलं, "सायली, मी आई. काल तुला खोटं सांगितलं. पप्पांचा आवाज मिळाला नाही. मैदानावरचा त्यांनी काढला, आपल्याला वाईट वाटू नये म्हणून. आणि माझ्या फोनमधला मी पुसला. रोज, एकेक, मीच पुसला. मला लाज वाटायची. तू मला काय बोलायचं ते बोल. त्यांनी काय काय म्हटलं ते लिहून आणते आहे. ते तुला वाचून दाखवीन, पण आवाज माझा असेल."

पाठवला. ती वॉर्डात ड्युटीवर आहे, संध्याकाळी ऐकेल. निरोपाखालच्या दोन खुणा अजून राखाडी आहेत. तिने ऐकायच्या आत मला तो पुसता येईल, दोन्हीकडून पुसला जातो, ताईंच्या मुलीने मला शिकवलं आहे. एक बोट लावायचं. तिला वाटेल काहीतरी चुकून आलं होतं. सोमवारपर्यंत ती खूश राहील, मग मंगळवारपर्यंत काही सांगता येईल, मग विमान.

फोन शेजारी पालथा ठेवला आहे. या हाताला पुसायची सवय आहे. पेन धरलेलं आहे तोवर तो तिकडे जाणार नाही, म्हणून मी अजून लिहिते आहे.